परळहून ब्रनोला, वाटाणे मोजायला

साल १९५२. तुम्ही मुंबईत, परळला, केईएम इस्पितळात रक्त तपासायच्या टेबलाशी उभे आहात. खिडकीतून गिरण्यांची धुराडी दिसतायत. पाळी सुटल्याचा भोंगा नुकताच वाजून गेलाय. समोर काचेची पट्टी आणि तिच्यावर एका रुग्णाच्या तांबड्या पेशींचे दोन थेंब. एकात ए गटाविरुद्धचं सीरम घातलंय, दुसऱ्यात बी गटाविरुद्धचं. तुम्ही पट्टी हलकेच इकडे-तिकडे कलती करता. रक्त ए गटाचं असतं तर पहिला थेंब फाटला असता, बी असतं तर दुसरा, एबी असतं तर दोन्ही. दोन्ही थेंब कुंकवाच्या पाण्यासारखे एकसारखे राहतात. म्हणजे रक्तगट ओ.

इथवर सगळं सरळ आहे. मग ओ गटाच्या दात्याचं रक्त येतं आणि चढवण्याआधीची जुळणी म्हणून त्याच्या पेशी रुग्णाच्या सीरममध्ये मिसळल्या जातात. थेंब फाटतो. नासलेल्या दुधासारखे लाल कण एका बाजूला, पाणी दुसऱ्या बाजूला. दुसरा दाता बघा. तेच. तिसरा, तेच. ओ गटाच्या पेशींवर ए नसतो आणि बीही नसतो. मग हे सीरम धावून जातंय ते कशावर?

डॉ. वाय. एम. भेंडे आणि त्यांचे सहकारी देशपांडे, भाटिया यांच्यासमोर हेच कोडं आहे. लंडनच्या रेस आणि सँगर यांच्यासारख्या जाणकारांबरोबर मिळून ते याच वर्षी ‘लॅन्सेट’मध्ये या रक्ताबद्दल लिहिणार आहेत. पुढे जग त्याला बॉम्बे रक्तगट म्हणेल. शहराचं नाव बदलेल, रक्तगटाचं बदलणार नाही.

हे रक्त ओसारखं दिसतं, पण ओ नाही. ते एखाद्या घरात येतं कुठून आणि पुढे जातं कुठे, हे समजून घ्यायचं तर आणखी मागे जावं लागेल. ९६ वर्षं मागे, आणि समुद्रापार.

१८५६चा जून. डोळे उघडता तेव्हा आधी वाटतं की परळ सुटलंच नाही, कारण इथेही गिरण्यांचीच धुराडी आहेत. हे ब्रनो, ऑस्ट्रियाच्या साम्राज्यातल्या मोराविया प्रांताचं शहर. इथे सुताऐवजी लोकर विणतात. लोकर म्हटली की मेंढरं आली आणि मेंढरं पाळणाऱ्यांना एकच चिंता: उत्तम लोकरीचा एडका महाग पैसे मोजून आणला, तर त्याचा गुण पिलांत उतरेल का, आणि किती पिढ्या टिकेल? सेंट थॉमस मठाचे मठाधिपती सिरिल नाप यांनी वीसएक वर्षांपूर्वीच या पैदासकारांना सुनावलं होतं की पैदाशीच्या युक्त्यांवर वाद पुरे, खरा प्रश्न वारशात काय येतं आणि कसं येतं हा आहे. हे सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही, कारण एरवी आपल्याला वाटत राहतं की एका एकांतप्रिय साधूला परसात काहीतरी गवसलं. तसं नव्हतं. अख्खं शहर ज्या प्रश्नावर अडलं होतं त्याच्यासाठी ही बाग राखली गेली.

बाग मठाच्या भिंतीलगत आहे. जेमतेम ३५ मीटर लांब, ७ मीटर रुंद. चाळीच्या सज्जापेक्षा रुंद, पण फार लांब नाही. काठ्यांवर वाटाण्याचे वेल चढलेत. त्यांच्यामध्ये चष्मा लावलेला, अंगाने भरलेला, तेहतीस-चौतीस वर्षांचा एक माणूस वाकून उभा आहे. ग्रेगोर मेंडेल. शेतकऱ्याचा मुलगा. शिकायला पैसे नव्हते तेव्हा धाकट्या बहिणीने आपल्या लग्नासाठी ठेवलेल्या पैशातला वाटा त्यांना दिला होता. गेल्याच महिन्यात ते शिक्षकाची परीक्षा द्यायला व्हिएन्नाला गेले होते आणि ती दुसऱ्यांदा पार न पडताच परत आलेत. शाळेत शिकवतात ते बदली शिक्षक म्हणून.

ते तुमच्या हातात चिमटा देतात.

न उमललेली कळी निवडा. उमललेली चालणार नाही, कारण वाटाण्याचं फूल स्वतःचेच परागकण स्वतःवर पाडून घेतं आणि तेही पाकळ्या मिटलेल्या असतानाच. म्हणून तर मेंडेल यांनी हे झाड निवडलं: त्याच्या घरात वाऱ्याचा किंवा माशीचा शिरकाव सहसा होत नाही. कळी डाव्या हाताच्या दोन बोटांत धरा. वरची मोठी पाकळी मागे सारा, बाजूचे दोन पंख फाकवा. आत दोन पाकळ्या जुळून झालेली होडी दिसेल. ती अलगद काढली की मधोमध हिरवी इवलीशी शेंग, केसाएवढी, आणि तिला बिलगून दहा पुंकेसर. नऊ एकमेकांना चिकटलेले, दहावा सुटा. एकेक उपटायचा. एक जरी राहिला, त्याची पिवळी पुडी फुटली, तर सगळी मेहनत फुकट. तुमचा हात थरथरतो. सातवा पुंकेसर निघताना शेंगेला चिमट्याचं टोक लागतं आणि कळी वाया जाते. दुसरी घ्या.

ही झाली गोल दाण्याच्या वाणाची कळी. आता पलीकडच्या ओळीतल्या सुरकुतल्या दाण्याच्या वाणाचे परागकण आणून इवल्या शेंगेच्या टोकाला लावायचे. मेंडेल १५ झाडांवर अशी ६० फुलं करतात. कुठे गोल दाण्याची आई, सुरकुतल्याचा बाप, कुठे उलटं. आई कोण आणि बाप कोण यावरून निकालात काही फरक पडतो का, हेही त्यांना तपासायचंय. (पडत नाही. मूल जरा वेगळं जन्मलं की ‘आईच्या घराण्यातलं आलं’ म्हणून सुनेकडे बोट दाखवणाऱ्या प्रत्येक घरात हे वाक्य पोचायला हवं होतं.)

या सगळ्याआधी दोन वर्षं त्यांनी बियाणं पारखण्यात घालवली आहेत. ३४ वाण मागवले, लावून पाहिले, आणि दरवर्षी हुबेहूब तसेच राहणारे २२ ठेवले. गुण घेतले ते सात, आणि सगळे असे की मधलं काही नाही: दाणा गोल नाहीतर सुरकुतलेला, पिवळा नाहीतर हिरवा, झाड उंच नाहीतर ठेंगणं. एखाद्याची लोकर मऊ की किंचित मऊ, असा घोळच ठेवला नाही.

शेंगा सुकतात. आता उघडा. दाणा म्हणजे शेंगेतलं बाळ, त्यामुळे नव्या पिढीचं तोंड याच उन्हाळ्यात दिसतं. सगळे दाणे गोल. एकही सुरकुतलेला नाही, अर्धवट सुरकुतलेलासुद्धा नाही.

इथे थांबा, कारण त्या काळच्या जाणत्या माणसालाही इथेच धक्का बसतो. तेव्हा बहुतेकांना वाटायचं की आई-बापाचे गुण मुलात दूध-पाण्यासारखे मिसळतात. दुधात पाणी घातलं की पातळ दूध मिळतं आणि ते पाणी पुन्हा वेगळं काढता येत नाही. मग गोल आणि सुरकुतलेला मिसळून अर्धा सुरकुतलेला दाणा यायला हवा होता. आला नाही. सुरकुत्या गेल्या कुठे? आपल्याकडे बारशाला जमलेल्या बायका पाळण्यात डोकावून ‘नाक थेट आजीचं’ म्हणतात, बाळाच्या आईकडे ते नाक नसलं तरी. दूध-पाण्याच्या हिशेबात हे बसत नाही. बायकांचं निरीक्षण पक्कं होतं, हिशेब चुकीचा होता.

पुढचं वर्ष. तेच संकरित गोल दाणे पेरले, २५३ झाडं वाढली आणि या वेळी त्यांना स्वतःवरच फळू दिलं. मठाच्या खोलीत, टेबलावर सुक्या शेंगांचा ढीग आहे. तुम्ही एक शेंग अंगठ्याने दाबता, ती टच्चकन उकलते. आत ओळीने दाणे, आणि गोल, गुळगुळीत दाण्यांच्या मधोमध एक चेहरा आवळलेला, सुरकुतलेला दाणा. आजोबांसारखा दाणा, थेट. एका पिढीत दिसेनासा झाला होता, आता जसाच्या तसा परत आलाय, सुरकुती तसूभरही कमी न होता.

मोजा. पहिल्या झाडाचे ४५ गोल, १२ सुरकुतलेले. दुसऱ्याचे २७ आणि ८. मेंडेल आकडे लिहून घेतात. एका झाडावर ४३ गोल आणि सुरकुतलेले फक्त २ निघतात. दुसऱ्या एका झाडावर १४ गोल आणि १५ सुरकुतलेले. तुम्ही गोंधळून बघता. ते मान वर करत नाहीत, मोजत राहतात. व्हिएन्नाला ते भौतिकशास्त्र आणि गणित शिकून आलेत. एका झाडाचा आकडा म्हणजे नाण्याच्या चार फेकी, हे त्यांना ठाऊक आहे. नाणी शेकड्यांनी फेकावी लागतात. संपूर्ण ढीग संपतो तेव्हा बेरीज होते ७३२४. त्यांतले ५४७४ गोल, १८५० सुरकुतलेले. तिनास एक, किंचित इकडेतिकडे. दाण्याच्या रंगाचंही तसंच: ६०२२ पिवळे, २००१ हिरवे.

शाळेच्या पुस्तकात मेंडेल इथेच संपतात, ‘तीनास एक’ म्हणून. मला ते फार खटकतं. त्यांचं खरं मोठेपण तिसऱ्या वर्षी दिसतं, आणि ते बघायला तुम्ही थांबलंच पाहिजे.

त्यांनी त्या गोल दाण्यांपैकी काही पुन्हा पेरले. दिसायला सगळे सारखे, तुम्ही हातात घेऊन कितीही निरखा. ५६५ झाडं आली. १९३ झाडांवर नुसते गोल दाणे. ३७२ झाडांवर मात्र गोल आणि सुरकुतलेले दोन्ही, पुन्हा तिनास एक. म्हणजे गोल दिसणाऱ्या दर तिघांत एक आतूनही गोल होता आणि दोघांच्या पोटात सुरकुती लपलेली होती. दिसण्यावरून हे कळत नाही. लेकरं झाल्यावर कळतं. आणि ते कळण्यासाठी तुम्हाला आणखी एक वर्ष, आणखी एक पीक, आणखी हजारो दाणे मोजायची तयारी लागते.

मेंडेल कागदावर मोठा आणि छोटा ए लिहितात. मोठा म्हणजे गोल, छोटा म्हणजे सुरकुतलेला. प्रत्येक झाडाजवळ अशी दोन अक्षरं, एक आईकडचं, एक बापाकडचं. पण परागकणात किंवा बीजांडात जाताना दोघांतलं एकच जातं, कुठलं ते नाण्यासारखं. संकरित झाडाची दोन नाणी एकदम उडवा: मोठा-मोठा एकदा, मोठा-छोटा दोनदा, छोटा-छोटा एकदा. मोठा एक जरी असला तरी दाणा गोल. सुरकुती दिसायला दोन्ही छोटे लागतात. अक्षरं एकत्र राहतात, पण मिसळत नाहीत. आपण आज त्यांना जनुकं म्हणतो.

निघण्याआधी एक ढीग अजून मोजा, परळच्या कोड्यासाठी तो लागणार आहे. या खेपेला एका वाणाचा दाणा गोल आणि पिवळा, दुसऱ्याचा सुरकुतलेला आणि हिरवा. नातवंडांत ३१५ गोल पिवळे, १०१ सुरकुतलेले पिवळे, १०८ गोल हिरवे, ३२ सुरकुतलेले हिरवे. म्हणजे आकार आणि रंग यांची गाठ बांधलेली नाही. एकाचं नाणं वेगळं, दुसऱ्याचं वेगळं.

पुढची वर्षं भरभर ओलांडू या. ८ फेब्रुवारी १८६५ला आणि महिन्याने ८ मार्चला मेंडेल ब्रनोच्या निसर्गविज्ञान मंडळासमोर हे वाचून दाखवतात. पुढच्या वर्षी ते मंडळाच्या अंकात छापून येतं. एक प्रत म्युनिकच्या नामवंत वनस्पतिशास्त्रज्ञ नेगेली यांना जाते. त्यांच्याशी पत्रव्यवहार होतो, आणि मेंडेल नेगेलींच्या आवडीच्या हॉकवीड या रानफुलावर प्रयोग करायला लागतात. त्या इवल्या फुलांत पुंकेसर शोधताना भिंगाखाली डोळे बिघडतात. ते झाड बऱ्याचदा परागाशिवायच बी धरतं हे तेव्हा कुणालाच माहीत नव्हतं. वाटाण्याचा नियम तिथे दिसेना. हे वाचताना मला दरवेळी वाईट वाटतं. ६ जानेवारी १८८४ला ते गेले. १९००मध्ये द फ्रीस, कोरेन्स आणि चेरमाक या वनस्पतिशास्त्रज्ञांनी तोच नियम पुन्हा मांडला आणि तेव्हा कुठे जगाने तो जुना अंक उघडला.

आता परळ. तोच थेंब, काचेच्या पट्टीवर फाटलेला.

तांबड्या पेशीवर ए किंवा बी चढवायचा तर आधी खाली एक पाया लागतो. त्याला एच म्हणतात. भिंतीला खुंटी नसेल तर सदरा कितीही चांगला असो, टांगणार कुठे? ओ गटाच्या माणसाकडे खुंटी असते, सदरा नसतो. या रुग्णाकडे खुंटीच नाही. त्याच्या शरीराने एच कधी पाहिलाच नाही, म्हणून ओ गटाच्या पेशींवरची उघडी खुंटी त्याच्या सीरमला परकी वाटते आणि ते तिच्यावर धावून जातं. अशा माणसाला अशाच माणसाचं रक्त चालतं, आणि भारतात असा माणूस साधारण दहा हजारांत एक.

खुंटी बनवणाऱ्या जनुकाचीही दोन अक्षरं, मोठा एच आणि छोटा एच. मोठा एक असला तरी काम भागतं. दोन्ही छोटे आले तर खुंटी नाही. सुरकुतलेला दाणा, अगदी तस्साच. आणि ए-बी ठरवणारं जनुक नवव्या गुणसूत्रावर, एच ठरवणारं एकोणिसाव्यावर. वेगवेगळी नाणी. त्यामुळे या माणसाकडे बीचं जनुक पूर्ण शाबूत असू शकतं, फक्त ते दाखवायला जागा नाही. फिलिप लेव्हिन यांनी १९५५मध्ये अमेरिकेत अशीच एक बाई नोंदवली. तपासणीत ओसारखी, नवरा ए गटाचा, आणि मुलगी एबी. नेहमीच्या हिशेबात हे अशक्य. एखाद्या घरात त्यावरून आईच्या चारित्र्यावर शिंतोडे उडाले असते. बी तिचाच होता. मुलीला बापाकडून खुंटी मिळाली आणि आईचा सदरा तिच्यावर दिसला.

१९९०मध्ये थोडं डोकावून जा. याच एका वर्षात दोन गोष्टी हाती लागल्या. दाणा सुरकुततो तो कशाने, हे जनुकात सापडलं: साखरेचं नीट फांद्याफांद्यांचं पिष्ट बनवणारं एक विकर तिथे बिघडलेलं असतं. मग साखर जास्त उरते, दाणा पाणी जास्त धरतो आणि सुकताना आक्रसतो. हिवाळ्यात आपण सोलतासोलता कच्चे खातो ते गोड मटार याच सुरकुतणाऱ्या जातीचे. रगड्यातला पांढरा वाटाणा गुळगुळीत जातीचा. आणि त्याच वर्षी एच बनवणाऱ्या विकराचं जनुकही वेगळं काढलं गेलं. बॉम्बे गटात तेच बिघडलेलं असतं. लपण्याचं कारण दोन्हीकडे एकच आहे: दोन प्रतींपैकी एक चालू असली की काम चालतं, बिघडलेली प्रत कुणाच्या नजरेत येत नाही. ती शिक्षा नाही, कुळाला लागलेला डाग नाही, मागच्या जन्मीचं काही नाही.

लपलेली प्रत बाहेर यायला मात्र दोन्ही बाजूंनी यावी लागते. मामाच्या मुलीशी लग्न आपल्याकडे कौतुकाने होत आलंय, म्हणून हा हिशेब एकदा बोटांवर करा. आजीकडे एक छोटा एच. तो लेकीकडे यायची शक्यता निम्मी, लेकाकडे यायची निम्मी. तिथून नातवाकडे निम्मी, नातीकडे निम्मी. त्या दोघांकडून एकाच बाळात यायची पुन्हा निम्मी-निम्मी. सहा वेळा निम्मं, म्हणजे ६४त १. परक्या घरांत लग्न झालं तर दुसरीकडून तोच छोटा एच येण्याची शक्यता फार कमी असते.

शेवटचा मुक्काम आज. इस्पितळाचा जिना, रात्रीचे अकरा. वर एक बाई बाळंतपणानंतरच्या रक्तस्रावाने पडून आहे, आणि रक्तपेढीतल्या मुलीने तिचं सीरम ओ गटाच्या पेशींत मिसळून थेंब फाटलेला पाहिलाय. बाईचा नवरा काउंटरवर घाबरून उभा आहे, मित्रांना फोन लावतोय, ‘ओ पॉझिटिव्ह आहे, पन्नास जण येतील’ म्हणतोय.

“मित्र नकोत, दादा,” ती मुलगी म्हणते. “ताईंना सख्खी भावंडं किती?”

“चार. का?”

“चौघांनाही बोलवा. आत्ता.”

का ते तुम्हाला कळलंय. आई-बाप दोघांकडे लपलेला एकेक छोटा एच असणार. एरवी ही बाई अशी जन्मलीच नसती. म्हणजे प्रत्येक भावंडामागे चारांत एक. आणि तुम्हाला ते ४३ गोल आणि २ सुरकुतलेल्या दाण्यांचं झाड आठवतं, १४ आणि १५चं दुसरंही. चार भावंडं म्हणजे फार थोड्या फेकी. चौघांत एकही नसेल, दोघंही असतील.

मुलीने दुसऱ्या फोनवर दुर्मिळ रक्तगटाच्या दात्यांची यादीही उघडलीय. पाऊण तासाने धाकटी बहीण धापा टाकत जिना चढून येते, ओढणी खांद्यावरून घसरलेली. खुर्चीत बसते, बाही कोपराच्या वर सरकवते आणि हात पुढे करते.